खोक्यावरचं चित्र

बाजारातून आणलेल्या वस्तूच्या खोक्यावर एक चित्र असतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात 'चित्र केवळ कल्पनेसाठी' असं काहीतरी छापलेलं असतं. पण ते वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा नेमका वस्तू विकत घेऊन घरी आल्यावर सापडतो. या चित्राकडे बघण्याच्या तऱ्हेवरून माणसांचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग म्हणतो, चित्रात आहे तसंच झालं पाहिजे. गुलाबजामच्या तयार पिठाचं पाकीट आणलं आणि चित्रात पिस्त्याचे काप असले, तर घरात पिस्ते नाहीत म्हणून बेत रहित. दुसरा भाग पाकीट फोडतो, पीठ चिमटीत घेऊन बघतो आणि म्हणतो, "याचे घावन होतील का हो?" आमच्या घरात हे दोन्ही भाग गेली चाळीस वर्षं एकाच छपराखाली नांदताहेत. कोण कुठल्या भागात, हे सांगून मी उद्याचा चहा धोक्यात घालणार नाही.

प्रश्न वरवर स्वयंपाकघरातला वाटतो, पण आहे मोठा. कुणीतरी विचार करून एक वस्तू घडवली, ती कशी जोडायची याचा कागद सोबत दिला, आणि आपण ती पैसे मोजून घेतली. आता ती त्याच्या मनासारखी करायची की आपल्या? आणि आपल्या मनासारखी केली, तर ती तीच राहते का? तत्त्वज्ञ मंडळी यासाठी जहाजाचं उदाहरण देतात. एकेक फळी बदलत गेलं, तर शेवटी जहाज तेच का? आपल्याकडे घरोघर जहाजं नाहीत, म्हणून आपण छत्रीवर भागवतो. कापड दोनदा बदललेलं, काड्या तीनदा, दांडा एकदा, तरी "ही आमच्या वडिलांची छत्री!" माझ्यापुढे मात्र हा प्रश्न जहाजाच्या रूपानं आला नाही आणि छत्रीच्याही नाही. तो आला रॉकेटच्या रूपानं. आणि तोही अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरजवळ, माझ्या भाच्याच्या गॅरेजमध्ये.

रॉकेट म्हटलं की आपल्याला दिवाळी आठवते. एक बाटली, एक काडी, एक वात आणि शेजाऱ्यांची गच्ची. ते परत येणं कुणाला अपेक्षित नसतं. आलंच तर शेजारी घेऊन येतात. अमेरिकेतलं खेळातलं रॉकेट हे वेगळं प्रकरण आहे. कागदाची नळी, पुढं हलकं टोक, मागं बाल्सा नावाच्या पिसासारख्या लाकडाचे पंख आणि पोटात घडी घातलेलं पॅराशूट. हे वर जातं, वर गेल्यावर पोटातलं पॅराशूट उघडतं, आणि स्वारी झोके घेत खाली येते. नवी मोटर घातली की पुन्हा तयार.

याची कुळकथा मोठी गमतीची आहे. नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ पादत्राणांचं दुकान चालवीत. दारूकामाची त्यांना हौस, आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना छोट्या विमानांची. दोघांनी मिळून १९५४ साली असं एक रॉकेट केलं आणि त्याला नाव दिलं 'रॉक-ए-शूट'. नावातच पॅराशूट होतं, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल. त्यानंतर १९५७ साली जी. हॅरी स्टाइन यांचा रॉकेटच्या धंद्यातल्या सुरक्षिततेवरचा एक लेख कार्लाइलनी मासिकात वाचला आणि आपली रॉकेटं त्यांच्याकडे धाडली. स्टाइन हे व्हाइट सँड्स इथं खऱ्या क्षेपणास्त्रांवर काम केलेले. त्याच वर्षी रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतली पोरं तळघरात काय काय मिसळून नळकांड्यांत ठासू लागली. कुणाची बोटं जात होती, कुणाचे डोळे. स्टाइनना दुकानदाराच्या रॉकेटचं मोल कळलं ते यामुळं. त्यात दारू पोरानं भरायचीच नव्हती. मोटर तयार मिळायची. मग डेन्व्हरच्या व्हर्नन एस्टीस यांनी १९५९ साली या मोटारी भराभर बनवणारं यंत्र उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मेबल'. यंत्राला मावशीबाईंसारखं नाव ठेवणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटतो.

या मोटारीवर 'बी ६-४' असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्याला चाळीतल्या खोलीचा नंबर वाटतो. पण अक्षर म्हणजे एकूण जोर. ए पेक्षा बी दुप्पट, बी पेक्षा सी दुप्पट. मधला आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा म्हणजे जळून झाल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं. बोटाएवढ्या कागदी नळीनं आपल्याविषयी इतकं खरं सांगावं, हे वधूवरसूचक मंडळात नाव घालणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे.

भाच्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. या रॉकेटांच्या तीन जाती असतात. एक स्पर्धेची, ती इतरांपेक्षा उंच जाण्यासाठी जन्मते. दुसरी नकलेची; ती कुठल्यातरी खऱ्या, मोठ्या रॉकेटसारखी हुबेहूब दिसण्यासाठी जन्मते. आणि तिसरी 'स्पोर्ट'. तिला कुणाच्या पुढं जायचं नसतं, कुणासारखं दिसायचं नसतं, ती नुसती उडते. मी म्हटलं, "अरे, ही रॉकेटांची जात सांगतोस की आपल्या नातेवाइकांची?" भाचा हसला नाही, कारण गॅरेजमध्ये त्या वेळी वातावरण तंग होतं.

कारण असं. भाचा १९९८ साली शिकायला अमेरिकेत गेला, तेव्हा कुणाच्या तरी गराज सेलमध्ये त्यानं चार डॉलरला एक न उघडलेलं किट घेतलं होतं. चार डॉलर म्हणजे तेव्हाचे दीडशेच्या वर रुपये. त्या दिवसांत तो पावाचा भावही रुपयांत गुणून मगच भूक लागू द्यायचा. तरी घेतलं. किट होतं 'जेमिनी-टायटन'चं, नकलेच्या जातीतलं. खोक्यावर ज्वाळांवर स्वार झालेलं रॉकेट, मागं निळं आकाश. लहानपणी त्याला विमानं आणि रॉकेटं करायची होती. पण आमच्या मेहुण्यांनी त्याच्या बारशालाच खोक्यावर कॉम्प्युटर इंजिनिअरचं चित्र चिकटवलं होतं, आणि मुलगा बरहुकूम जोडला गेला. उत्तम जोडला गेला; तक्रारीला जागा नाही. फक्त ते खोकं घर बदलताना दरवेळी तो स्वतःच्या हातानं उचलायचा. सामान वाहणाऱ्यांना द्यायचा नाही.

आता त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला ते उडवायचं होतं. येत्या शनिवारी.

खोकं उघडलं तर वेळ टळून गेलेली. चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा भुगा झालेला, आणि पारदर्शक प्लास्टिकचे पंख पिवळे पडून तडकलेले. या पारदर्शक पंखांची एक गंमत आहे. खऱ्या टायटनला पंख नव्हतेच. त्याच्या इंजिनांची तोंडंच हलायची आणि त्यानं तोल सांभाळला जायचा. खेळातल्या रॉकेटला ती चैन परवडत नाही. पंख नसले तर ते हवेत कोलांट्या खातं. म्हणून नक्कल करणारे काचेसारखे पंख लावतात. असतात, पण दिसत नाहीत. हुबेहूब दिसण्यासाठीसुद्धा एवढं खोटं लपवावं लागतं.

भाचा म्हणाला, "मी ते पंख शोधीन. चिठ्ठ्या पुन्हा छापून घेईन. निवृत्त झाल्यावर निवांत, अगदी चित्रातल्यासारखं करीन."

मुलगा म्हणाला, "बाबा, तू रिटायर होशील तेव्हा मी तीस वर्षांचा असेन." त्याचं मराठी असं, की जगात सगळ्यांना 'तू'. मग माझ्याकडे वळून, "आजोबा, तू सांग ना याला. नळी चांगली आहे, पॅराशूट चांगलं आहे. वरचे नखरे काढून टाकू, बाल्साचे मोठे पंख लावू. सिंपल. उडेल."

"मग तो टायटन राहील का?" भाच्यानं विचारलं.

"मामा, तुम्हीच सांगा," आतून भाचेसूनबाई आल्या. "मंगळवारचा गणपती हे लोक सोयीसाठी शनिवारी बसवतात आणि दीड दिवसात, सोमवारच्या ऑफिसच्या आधी, बादलीत विसर्जन करतात. तेव्हा तो गणपती राहतो ना? मग रॉकेटनंच काय घोडं मारलंय?"

मी पाहुणा. पाहुण्यानं अशा वेळी चहा मागावा. मी मागितला, आणि चहा होईपर्यंत टायटनच्याच चरित्राचा विचार केला. ते चरित्र भाच्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं, पण माणूस स्वतःच्या देवाची पोथी दुसऱ्यानं वाचली म्हणजे नीट ऐकतो.

टायटन-२ मुळात अंतराळवीरांसाठी बनलंच नव्हतं. ते होतं अणुबाँब वाहून नेणारं क्षेपणास्त्र. १९६३ पासून अशी चोपन्न क्षेपणास्त्रं अ‍ॅरिझोना, कॅन्सस आणि आर्कान्सॉ या राज्यांत जमिनीखाली उभी होती. त्याच रचनेत फेरफार करून, टोकावर बाँबऐवजी दोन माणसांची कुपी बसवून, १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत जेमिनीची दहा माणसी उड्डाणं झाली. एड व्हाइट हा अमेरिकेचा पहिला अंतराळात चालणारा माणूस त्यातूनच बाहेर पडला. पुढं १९८७ पर्यंत जमिनीखालची क्षेपणास्त्रं निवृत्त झाली. त्यांतली काही दुरुस्त करून उपग्रह सोडायला वापरली. १९९४ च्या जानेवारीत अशाच एका निवृत्त क्षेपणास्त्रानं 'क्लेमेंटाइन' नावाचं यान चंद्राच्या कामगिरीवर धाडलं, आणि त्या यानानं चंद्राभोवती फिरून त्याचा नकाशा काढला.

"म्हणजे बघ," मी म्हटलं, "याच्या मूळ खोक्यावर चित्र होतं शहर बेचिराख झाल्याचं. त्या चित्राशी कुणी इमान राखलं नाही, म्हणून तर तुला हे रॉकेट आवडलं. ज्याची तू नक्कल जपतोयस ते मूळचंच फेरफार केलेलं आहे."

भाचा हुशार. तो म्हणाला, "मामा, उलटंही होतं. १९३० साली बर्लिनला हौशी मंडळींनी रॉकेटं उडवायला एक मैदान घेतलं. चंद्रावर जायची स्वप्नं बघत होती सगळी. त्यांच्यातलाच एक तरुण व्हर्नर फॉन ब्राऊन. चौदा वर्षांनी त्यानं घडवलेलं व्ही-२ लंडनवर पडत होतं. तोही फेरफारच."

यावर मला चहाचा दुसरा कप घ्यावा लागला. कारण म्हणणं खरं होतं. 'बदला, बिनधास्त बदला' असं म्हणणं सोपं, आणि 'कागदावर आहे तसंच ठेवा' म्हणणं त्याहून सोपं. दोन्हींत डोकं चालवावं लागत नाही. अवघड काम मधलं आहे. यातलं काय बदलता येईल, आणि कशाला हात लावायचा नाही?

ते उत्तर मला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मिळालं नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत मिळालं. बापानं "बघू" म्हटलं, आणि 'बघू' म्हणजे 'हो' हे सगळ्या देशांतल्या मुलांना कळतं. त्यानं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. एका बाजूला 'चेंज', दुसऱ्या बाजूला 'नो चेंज'.

'चेंज'ची बाजू लांबलचक होती. रंग, चिठ्ठ्या, टोकावरची कुपी, पंखांचा आकार, नाव. पंख त्यानं कापले ते थेट शंकरपाळ्यांसारखे. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून, तिच्या चार घड्या घालून, चार पंखांच्या चार जागा आखल्या. रंग नारिंगी. नाव अर्थातच 'शंकरपाळी'. भाचेसूनबाईंना त्यात आपल्या दिवाळीच्या फराळावर टीका दिसली, पण ते असो.

'नो चेंज'च्या बाजूला चारच ओळी होत्या. पहिली, मोटर. ती तयार आणायची, तिला टोकरायचं नाही, तिच्यात भर घालायची नाही. दुसरी, लाकडाच्या रेषा. पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर वाऱ्यानं पंख मोडतो. तिसरी, तोल. रॉकेटचा भारमध्य पुढं हवा आणि वाऱ्याचा दाब जिथं एकवटतो तो बिंदू मागं. दोघांत निदान नळीच्या जाडीएवढं अंतर. हा दुसरा बिंदू काढण्याचं गणित जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली हौशी लोकांना हाताशी आणून दिलं. ज्याला गणित नको त्यानं मोटर आणि पॅराशूट भरून, रॉकेटच्या भारमध्याला दोरी बांधून, ते डोक्याभोवती गरगर फिरवावं. नाक पुढं ठेवून फिरलं तर पास.

आमची शंकरपाळी पहिल्यांदा आडवी फिरली. मग तिच्या नाकात मातीचा गोळा भरला. परसात मुलगा डोक्याभोवती रॉकेट फिरवतोय, बाप वाकून बघतोय, आणि मी पायजम्यात भिंतीला चिकटून उभा. कुंपणापलीकडच्या बाईंनी हात हलवून "छान दिवस आहे" असं म्हटलं. आमच्या गल्लीत एव्हाना चाळीस माणसं जमली असती आणि त्यांतल्या बत्तीस जणांनी दोरी आपल्या हातात मागितली असती.

आणि चौथी ओळ होती, पॅराशूट. त्याखाली दोन रेघा.

कागदावर कुठं लावायचं लिहिलंय म्हणून तिथं लावायच्या गोष्टी वेगळ्या, आणि न लावल्या तर आकाश क्षमा करत नाही अशा गोष्टी वेगळ्या. पहिल्या कारखानदाराच्या, दुसऱ्या निसर्गाच्या. आपल्या रीतिरिवाजांच्या पोथ्यांत या दोन्ही एकाच शाईत छापलेल्या असतात, म्हणून सगळा घोळ. कुणी रंग बदलला की आपण ओरडतो, आणि तोल गेला तरी रंग तोच आहे ना, म्हणून समाधान मानतो.

त्यातही पॅराशूटची ओळ मला सगळ्यांत वरची वाटली. वर जाताना कुठलंही रॉकेट देखणंच दिसतं. व्ही-२ सुद्धा दिसलं असेल. खरा प्रश्न ते खाली कसं येतं आणि कुणाच्या डोक्यावर, हा आहे. पादत्राणांच्या त्या दुकानदारानं रॉकेट कमी जोराचं केलं असेल, छोटं केलं असेल; पण त्याचा खरा फेरफार हा, की त्यानं त्याच्या पोटात खाली हळू येण्याची सोय केली. बर्लिनच्या मैदानावरून लंडनवर जाणाऱ्या वाटेत कुठंतरी ती ओळ खोडली गेली. वस्तू काय होती आणि तिची काय केली, हे विचारून नीती कळत नाही. केली ती कुणाच्या अंगावर पडणार, हे विचारलं की बरीचशी कळते.

शनिवारी मैदानावर गेलो. गवत वाळलेलं नाही, वारा बेताचा, याची खातरजमा झाली. मीटरभर उंचीच्या सळईवर शंकरपाळी चढली. वायर पंधरा फूट मागं आणली. मुलानं बटणाची पेटी हातात घेतली, पाचपासून उलटं मोजायला तोंड उघडलं, आणि थांबला. "बाबा, तू दाब," म्हणाला.

भाच्यानं दाबलं. फुस्स झालं, आणि एक सेकंद पुरा व्हायच्या आत मोटर संपलीसुद्धा; पण शंकरपाळी चढतच होती. सरळ. मग एक ठिपका, मग एक छोटासा धूर, मग नारिंगी पॅराशूट. पंचवीस वर्षांहून जास्त काळ खोक्यात झोपलेली नळी वाऱ्यावर झुलत होती. भाचा तोंड उघडं टाकून वर बघत होता. त्याच्या बारशाच्या वेळी पाळण्यावरच्या चिमण्यांकडे तो असाच बघायचा. मी पाळणा हलवणाऱ्यांत होतो, म्हणून सांगतो.

दुसरं उड्डाणही छान झालं. तिसऱ्याला जास्त जोराची 'सी' मोटर घातली, वारा जरा वाढला, आणि पॅराशूट तरंगत तरंगत एका उंच कॉटनवुडच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आपल्या वडासारखं माणसाळलेलं झाड नव्हे ते; सरळसोट. मुलगा रडकुंडीला आला. मी भाच्याकडे बघितलं. इतकी वर्षं ज्यानं ते खोकं कुणाच्या हाती दिलं नाही, तो आता काय करतो?

या छंदाच्या सुरक्षिततेच्या नियमांत एक कलम आहे. विजेच्या तारा, उंच झाडं किंवा अशा धोक्याच्या जागी अडकलेलं रॉकेट काढायला जाऊ नये. भाच्यानं शेंड्याकडे एकदा नीट बघून घेतलं, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे. ते 'नो चेंज'मध्ये लिहायचं राहिलंय बघ."

मुलानं वही काढून लिहिलं. पाचवी ओळ.

परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. छंदाच्या वस्तूंचं दुकान दिसलं तशी गाडी आपोआप वळली, निदान भाच्याचं म्हणणं तसं. या वेळी त्यानं खोक्याच्या चित्राकडे न बघता आतली नळी किती जाड आहे ते विचारलं.

जुनं खोकं मात्र अजून फळीवर आहे, ज्वाळा आणि निळ्या आकाशासकट. मी निघायच्या आदल्या दिवशी शर्टाचं बटण तुटलं, तेव्हा भाचेसूनबाईंनी तेच खाली काढलं. आत सुया, रिळं आणि बटणं होती. भाच्यानं बघितलं, आणि काही म्हणाला नाही.